हलक्या हॅड्रॉनच्या पोटात शिरताना: वही, कॅल्क्युलेटर आणि वेगवेगळ्या वाटा

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून रोज बसने ये-जा करणारी एक एमएस्सीची मुलगी बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीवर आली. छत्री दाराबाहेर निथळत होती आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली झेरॉक्सची जाड चळत. प्रोजेक्टचा विषय मिळाला होता 'हलक्या हॅड्रॉनची अंतर्रचना: सैद्धांतिक दृष्टिकोन'. "सर, बॅग मॉडेल एक सांगतंय, लॅटिस दुसरंच सांगतंय, कायरलवाले तर क्वार्कचं नावच घेत नाहीत. ह्यातलं खरं कुठलं धरायचं हो?"

मी उलट विचारलं, "तुला प्रोटॉनचं काय पाहिजे? वजन, आकार, स्पिन, की आत कोण किती वेगानं पळतंय ते?" ती गप्प. गोची नेमकी इथंच असते. यातली प्रत्येक पद्धत एखाद्या ठराविक प्रश्नासाठी घडवलेली आहे. प्रश्न न ठरवता पद्धती वाचायला घेतल्या की सगळ्या एकमेकींशी भांडताना दिसतात. म्हणून पुस्तक नंतर, आधी आकडेमोड. मी मुलांना ज्या क्रमाने नेतो तो क्रम खाली देतो. बीएस्सीचं क्वांटम मेकॅनिक्स आणि विशेष सापेक्षता पक्की हवी. फील्ड थिअरी अर्धवट असली तरी पाचव्या पायरीपर्यंत अडत नाही.

पायरी १: वहीचं पहिलं पान

हलके हॅड्रॉन म्हणजे अप, डाऊन आणि स्ट्रेंज या तीन क्वार्कांपासून बनलेले कण. तीन क्वार्कांचे ते बॅरिऑन, क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे ते मेसॉन. पार्टिकल डेटा ग्रुपची कोष्टकं इंटरनेटवर फुकट मिळतात. तिथून वस्तुमानं स्वतःच्या हाताने उतरवून घ्या, कॉपी-पेस्ट नको. एमईव्हीमध्ये (मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इथं ऊर्जेचं आणि वस्तुमानाचंही एकक): पायॉन १३८, केऑन ४९५, रो ७७५, न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन) ९३८.९, लॅम्डा १११५.७, सिग्मा ११९३.२, झाय १३१८.३, डेल्टा १२३२. जिथं एकाच कुटुंबात दोन-तीन विद्युतभार आहेत तिथं सरासरी घेतली आहे.

त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा: १९७.३ एमईव्ही-फर्मी. हा २π ने भागलेला प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार; फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर. ऊर्जेतून अंतरात आणि अंतरातून ऊर्जेत जायचा पूल तोच. पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

पायरी २: आत न शिरता बाहेरून हिशेब

क्वार्कचं बल कसं आहे हे माहीत नसतानाही निव्वळ सिमेट्रीवरून काय मिळतं ते आधी बघा. गेल-मान आणि ओकुबो यांचा नियम सांगतो की न्यूक्लिऑन आणि झाय यांची सरासरी ही तीन लॅम्डा आणि एक सिग्मा यांच्या सरासरीइतकी असावी. डावी बाजू ११२८.६, उजवी ११३५.१. फरक साडेसहा एमईव्ही, म्हणजे एका टक्क्याहून कमी.

मग स्पिन ३/२ चं दशक (दहा कणांचं कुटुंब) घ्या: डेल्टा १२३२, सिग्मा-तारा १३८५, झाय-तारा १५३३, ओमेगा १६७२. दर पायरीला साधारण १४०-१५० ची वाढ, कारण दर पायरीला एक स्ट्रेंज क्वार्क वाढतो. शेवटचा ओमेगा सापडायच्या आधीच या जिन्यावरून त्याचं वस्तुमान सांगितलं गेलं होतं आणि १९६४ मध्ये तो ब्रुकहेवनला सापडला. गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली तीही त्याच साली.

पायरी ३: घटक-क्वार्क, आणि एका गावाची दोन नावं

आता आत शिरू. समजा प्रोटॉनमध्ये तीन सुटे, निवांत क्वार्क आहेत आणि प्रत्येक जण एक छोटा चुंबक आहे. स्पिनची बेरीज नीट केली तर प्रोटॉनचा मॅग्नेटिक मोमेंट = (४ × अपचा − डाऊनचा) ÷ ३, आणि न्यूट्रॉनसाठी अप-डाऊनची अदलाबदल. अपचा भार २/३, डाऊनचा −१/३. आकडे घाला, न्यूट्रॉन भागिले प्रोटॉन येतं −०.६६७. प्रयोगात (न्यूक्लिअर मॅग्नेटॉन या एककात) प्रोटॉन २.७९३, न्यूट्रॉन −१.९१३, गुणोत्तर −०.६८५. मी हे पहिल्यांदा स्वतः केलं त्या दिवशी वही मिटून नुसता बसून राहिलो होतो.

इथून क्वार्कचं वस्तुमानही निघतं: ९३८.३ ÷ २.७९३ = ३३६ एमईव्ही. लॅम्डाचा मोमेंट (−०.६१३) पूर्णपणे स्ट्रेंज क्वार्कचा असतो, त्यावरून स्ट्रेंज ५१० एमईव्ही. मग सिग्मा-प्लसचं भाकीत करा: २.६९ येतं, प्रयोग २.४६ सांगतो. चूक नऊ-दहा टक्के. झाय-शून्यला चूक पंधरा टक्क्यांवर जाते. हे मॉडेल कुठं सुटायला लागतं ते इथं डोळ्यांनी दिसतं, म्हणून या दोन ओळी प्रोजेक्टमध्ये जरूर ठेवा. नुसते जुळलेले आकडे दाखवणारा प्रोजेक्ट मी तरी परत पाठवतो.

आता हमखास येणारी शंका. कोष्टकात अप क्वार्क सुमारे २.२ आणि डाऊन सुमारे ४.७ एमईव्ही दिलेला असतो. मग ३३६ कुठून आलं? दोन अप, एक डाऊन मिळून जेमतेम ९, आणि प्रोटॉन ९३८ चा. म्हणजे शंभरातला एक भाग फक्त!

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. महाराष्ट्रातून येणाऱ्या एसटीच्या पाटीवर बेळगाव असतं, २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. गाव तेच, कोण विचारतंय यावर नाव ठरतं. क्वार्कचंही तसंच, फक्त इथं विचारणारा म्हणजे ऊर्जेची पातळी. फार जवळून, जोराचा धक्का देऊन विचारलं तर क्वार्क दोन-चार एमईव्हीचा. दुरून, सावकाश विचारलं तर भोवती ग्लुऑनचा (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) आणि क्वार्क-जोड्यांचा गराडा घेऊन फिरणारा तीनशेचा. उपमा इथवरच चालते, कारण पाटी बदलली म्हणून गावाचं वजन बदलत नाही.

एक आणखी तपासणी करा. क्वार्क ०.८ फर्मीत कोंडला तर त्याचा संवेग सुमारे १९७ ÷ ०.८, म्हणजे २५० एमईव्हीच्या घरात. वस्तुमान ३३६ धरलं तरी हा कण 'निवांत' म्हणता येत नाही. म्हणजे पायरीच्या सुरुवातीला केलेलं गृहीतक हलक्या क्वार्कांना लागूच पडत नाही, तरी उत्तरं इतकी जवळ येतात. का, याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी ४: दोरी आणि पिशवी

रो कुटुंबातले कण घ्या: स्पिन १ ला रो (७७५), स्पिन २ ला ए-टू (१३१८), स्पिन ३ ला रो-थ्री (१६८९), स्पिन ४ ला ए-फोर (१९६७). वस्तुमानांचे वर्ग जीईव्हीमध्ये (हजार एमईव्हींचा एक) काढा: ०.६०, १.७४, २.८५, ३.८७. आलेख कागदावर काढा, पट्टी लावा. जवळजवळ सरळ रेषा. तिचा उतार दर वर्ग-जीईव्हीला सुमारे ०.९ स्पिन. गरगर फिरणाऱ्या ताणलेल्या दोरीच्या दोन टोकांना क्वार्क बांधलेत असं मानलं तर अशीच रेषा येते, आणि दोरीचा ताण = १ ÷ (२ × ३.१४ × ०.९) = ०.१७७ वर्ग-जीईव्ही. पहिल्या पानावरच्या पुलाने तो फर्मीत आणा: दर फर्मीला सुमारे ०.९ जीईव्ही.

रोजच्या मापात हा ताण १ लाख ४४ हजार न्यूटन होतो, म्हणजे साडेचौदा टनांहून थोडं जास्त वजन. गळीत हंगामात चिकोडी-निपाणीकडे उसाने भरलेला ट्रक दिसला की मुलांना सांगतो, हा ट्रक जितक्या जोराने जमिनीवर बसलाय तितक्या जोराने दोन क्वार्क एकमेकांना ओढून धरतात. अंतर वाढलं तरी ओढ कमी होत नाही. फार ताणली तर दोरी तुटते, पण तुटलेल्या टोकांना नवी क्वार्क-जोडी उगवते आणि हातात येतात दोन मेसॉन, सुटा क्वार्क नाही.

बॅग मॉडेल (१९७४, एमआयटी) थोडक्यात. वस्तुमानहीन क्वार्क गोल पिशवीत कोंडले, तर प्रत्येकाची ऊर्जा २.०४ भागिले त्रिज्या, शिवाय पिशवीच्या आकारमानाची वेगळी किंमत. एकूण ऊर्जा सर्वांत कमी कुठं होते ते काढा आणि ती प्रोटॉनच्या वस्तुमानाइतकी धरा. त्रिज्या १.७ फर्मी येते, जी अवाढव्य आहे. मूळ मॉडेलमध्ये शून्यबिंदू ऊर्जेची दुरुस्ती घालून ती १ फर्मीच्या आसपास आणली जाते. या मॉडेलची खरी कमाई दुसरीकडे आहे. बीटा-क्षयात लागणारा अक्षीय भार साध्या क्वार्क मॉडेलमध्ये १.६७ येतो, बॅगमध्ये १.०९, आणि खरा आहे १.२७. क्वार्क प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पळतात याची किंमत किती, हे त्या दोन आकड्यांच्या मधे दिसतं.

पायरी ५: पायॉन हा घरातला जावई

पायॉन या सगळ्यात बसत नाही. रो आणि पायॉन दोघांत क्वार्क तेच, फक्त स्पिन वेगळे, तरी एक ७७५ चा आणि एक १३८ चा. नांबू आणि जोना-लासिनिओ यांनी १९६१ मध्येच याचं उत्तर दिलं, क्वार्क जन्माला यायच्या आधी. हलक्या क्वार्कांचं वस्तुमान शून्य मानलं तर डाव्या आणि उजव्या हाताचे क्वार्क एकमेकांशी संबंध न ठेवता फिरतात. ही कायरल सिमेट्री. निर्वात स्वतःच ती मोडतं, आणि मोडल्याची खूण म्हणून जवळजवळ फुकटात मिळणारा कण म्हणजे पायॉन. नांबूंना २००८ चं नोबेल याच विचारासाठी.

हातात घ्यायचा हिशेब असा. पायॉनच्या वस्तुमानाचा वर्ग × क्षय-स्थिरांकाचा (पायॉनच्या क्षयाचा वेग ठरवणारा आकडा) वर्ग = (अप + डाऊन) × निर्वातातली क्वार्क-घनता. १३८ चा वर्ग गुणिले ९२ चा वर्ग, भागिले ६.९, आणि घनमूळ. उत्तर २८६ एमईव्ही. रिकाम्या म्हणतो त्या जागेत क्वार्क-जोड्यांचा साठा किती दाट आहे त्याचं हे माप.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. क्षय-स्थिरांक काही पुस्तकांत ९२ असतो, काहींत १३०. चूक कुणाचीच नाही, फक्त दोनच्या वर्गमुळाचा फरक. सूत्र एका पुस्तकातून आणि आकडा दुसऱ्यातून घेतला की घनता ३६० वर जाते. मी दोन दिवस नवीन भौतिकी सापडल्याच्या आनंदात होतो.

त्याच सूत्राने केऑन आणि पायॉन यांच्या वर्गांचं गुणोत्तर घ्या: १२.९. त्यावरून स्ट्रेंज क्वार्क हा अप-डाऊनच्या सरासरीच्या सुमारे २५ पट. लॅटिसवाले आज २७ सांगतात. दोनाचा हा फरक भरून काढायला कायरल पर्टर्बेशन थिअरी लागते, वाइनबर्ग (१९७९) आणि गासर-ल्युटवायलर (१९८४-८५) यांची. ती क्वार्कचं नाव घेत नाही हे त्या मुलीने बरोबर हेरलं होतं. तिला फक्त पायॉन, केऑन आणि सिमेट्री पुरते. कमी ऊर्जेला अतिशय अचूक, रो मेसॉनच्या उंबरठ्यावर गेलं की मुकी.

निर्वातातून क्वार्कला वस्तुमान कसं चढतं हे बघायचं असेल तर डायसन-श्विंगर समीकरणं बघा. पण सुरुवात नांबू-जोना-लासिनिओच्या गॅप समीकरणाने करा, एका संध्याकाळचं काम आहे. क्वार्कचं मूळ वस्तुमान शून्य ठेवून पुनरावृत्तीने सोडवा. कपलिंग (बलाचा जोर) एका मर्यादेखाली असेल तर उत्तर शून्याकडे घसरत जातं, मर्यादा ओलांडली की तीनशेच्या घरात येऊन थांबवता येतं. तिसऱ्या पायरीवरचं ३३६ कुठून उगवलं ते पडद्यावर दिसतं.

पायरी ६: आकार मोजायचा कसा

इलेक्ट्रॉन मारायचा आणि तो किती वळला ते बघायचं. हॉफस्टॅटरने १९५० च्या दशकात हेच करून प्रोटॉन बिंदू नाही हे दाखवलं. बिंदूच्या तुलनेत विखुरणं किती कमी झालं ते सांगणाऱ्या आलेखाला फॉर्म फॅक्टर म्हणतात आणि शून्याजवळचा त्याचा उतार म्हणजे त्रिज्येच्या वर्गाचा सहावा हिस्सा. प्रोटॉनसाठी जुन्या द्विध्रुव सूत्रात ०.७१ वर्ग-जीईव्ही हा आकडा असतो, त्रिज्येचा वर्ग म्हणजे १२ ÷ ०.७१. पुलावरून फर्मीत आलात की ०.८१. आज मान्य किंमत ०.८४ आहे. मधे २०१० मध्ये म्युऑनिक हायड्रोजनवरच्या मोजणीने जुन्या ०.८८ ला धक्का दिला होता, तो वाद वाचण्यासारखा आहे, पण तो मोजमापाचा वाद आहे. अंतर्रचनेच्या प्रोजेक्टमध्ये दहा पानं त्यावर घालवू नका.

पायॉनसाठी त्याहून सोपं. इलेक्ट्रॉन ज्याच्यामार्फत धक्का देतो तो फोटॉन आधी रो मेसॉन होतो आणि मग पायॉनला भिडतो असं माना. मग त्रिज्येचा वर्ग = ६ ÷ रोच्या वस्तुमानाचा वर्ग. येतं ०.६२ फर्मी, मोजलेलं ०.६६. एका ओळीचा हिशेब आणि पाच-सहा टक्क्यांत उत्तर!

पायरी ७: लॅटिस, म्हणजे कष्टाचं काम

क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सचं (क्यूसीडी, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनच्या बलाचा सिद्धांत) समीकरण १९७३ पासून हातात आहे. ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी जवळच्या अंतरावर बल कमकुवत होतं हे दाखवलं. अडचण लांबच्या अंतराची, म्हणजे प्रोटॉनएवढ्या अंतराची. विल्सनने १९७४ मध्ये सुचवलं की अवकाश-काळाची जाळी करा आणि काळ काल्पनिक करा; त्या जाळीवर संगणकाने सरासरी काढणं पुढे सुरू झालं. वाटेत कुठलंही मॉडेल नाही. २००८ मध्ये बुडापेस्ट-मार्सेल-वुपर्टाल गटाने हलक्या हॅड्रॉनांची वस्तुमानं अशी काढून दाखवली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत लॅटिसवर काम चालतं. उन्हाळ्यात तिथं जायची संधी मिळाली तर सोडू नका.

खर्च किती ते आधी बघा. खोक्याची लांबी पायॉनच्या लांबीच्या चौपट तरी हवी: ४ × १९७.३ ÷ १३८ = ५.७ फर्मी. जाळीचं अंतर ०.०९ फर्मी धरलं तर एका दिशेला ६४ बिंदू. काळाच्या दिशेला १२८. एकूण ३ कोटी ३५ लाख बिंदू, प्रत्येकाला चार दुवे, प्रत्येक दुव्यावर तीन-बाय-तीनची संमिश्र मॅट्रिक्स, म्हणजे बिंदूमागे ५७६ बाइट. नुसता एक नमुना साठवायला १९ जीबी. असे शेकडो लागतात. तुमच्या लॅपटॉपवर हे होणार नाही, तेव्हा हट्ट नको.

८ × ८ × ८ × ८ मात्र होतं. ४०९६ बिंदू, अडीच एमबीसुद्धा नाही. क्वार्क काढून टाका, नुसते ग्लुऑन ठेवा, मेट्रोपोलिस पद्धतीने (यादृच्छिक बदल करायचा, मग तो ठेवायचा की नाही ते ठरवायचं) दुवे हलवत राहा. प्रोग्राम बरोबर आहे का, याची दोन जागी खात्री करा. बीटा (कपलिंग जितकं कमी तितका मोठा होणारा आकडा) अगदी लहान (०.२) ठेवला तर जाळीतल्या सर्वांत छोट्या चौकोनाची सरासरी बीटा भागिले १८, म्हणजे ०.०११ यायला हवी. बीटा ६.० ठेवला तर ०.५९४ च्या आसपास. दुसरं जमलं नाही तर बहुतेक वेळा मॅट्रिक्स हळूहळू युनिटरी राहत नाही हे कारण असतं, दर काही फेऱ्यांनी ती दुरुस्त करा. बीटा ६.० ला जाळीचं अंतर ०.०९ फर्मीच्या जवळ, म्हणजे तुमचं अख्खं खोकं पाऊण फर्मीचं. त्यात प्रोटॉन मावणार नाही. सराव म्हणूनच त्याकडे बघा. आणि दर तासाला नमुना डिस्कवर लिहा. जुलैमध्ये आमच्या भागात लाइट जाते, माझे तीन दिवस असेच वाहून गेलेत.

वस्तुमान कसं निघतं? काल्पनिक काळात हॅड्रॉनचा सहसंबंध घातांकी घटतो. लागोपाठच्या दोन किमतींच्या भागाकाराचा लॉगॅरिदम काळासमोर मांडला की सुरुवातीला वरच्या अवस्थांमुळे रेषा उतरते, मग सपाट होते. सपाट भाग म्हणजे वस्तुमान. पण प्रोटॉनच्या बाबतीत सपाटी येते न येते तोच गोंगाट सुरू होतो. गोंगाट किती वेगाने वाढतो? प्रोटॉनच्या वस्तुमानातून दीड पायॉन वजा करा: ७३२ एमईव्ही, म्हणजे दर फर्मीला ३.७. काळ एक फर्मीने पुढे ढकलला की संकेत गोंगाटाच्या तुलनेत ४१ पट मंद होतो, आणि तो परत मिळवायला जवळपास १७०० पट नमुने लागतात. सपाटी कुठून कुठपर्यंत धरायची हा निर्णय म्हणूनच नाजूक असतो. कुणाचाही लॅटिसचा आकडा वाचताना तो आलेख आधी बघा, निष्कर्ष नंतर.

पायरी ८: पळणाऱ्या प्रोटॉनचा फोटो

१९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉन फार जोराने मारले गेले आणि प्रोटॉनमध्ये टणक दाणे दिसले. फाइनमनने त्यांना पार्टॉन म्हटलं. इथं प्रश्न बदलतो: कोण किती वजनाचा हे सोडून, एकूण संवेगातला कोणाचा वाटा किती? सगळ्या क्वार्कांची बेरीज केली तर जेमतेम निम्मा येतो, बाकी ग्लुऑनकडे. स्पिनचं त्याहून विचित्र. १९८८ मध्ये युरोपियन म्युऑन गटाने दाखवलं की क्वार्कांचे स्पिन मिळून प्रोटॉनचा स्पिन भरत नाही. आज तो वाटा तीस टक्क्यांच्या आसपास धरतात, उरलेलं ग्लुऑनच्या स्पिनमध्ये आणि सगळ्यांच्या आतल्या फिरण्यात. तिसऱ्या पायरीवर आपण शंभर टक्के धरून न्यूट्रॉनचा आकडा बरोबर काढला होता, हे लक्षात असू द्या.

लॅटिसला हा फोटो थेट काढता येत नाही, कारण तिथला काळ काल्पनिक आणि पार्टॉन प्रकाशाच्या रेषेवर राहतात. पूर्वी फक्त सरासऱ्या मिळायच्या. २०१३ मध्ये शिआंगडोंग जी यांनी वेगाने पळणाऱ्या हॅड्रॉनवरून वाट काढली आणि तेव्हापासून तिकडे गर्दी आहे. लाइट-फ्रंट पद्धत मुळातच या भाषेत बोलते. क्यूसीडी सम रूल्स (१९७९) निर्वाताच्या घनतेवरून वस्तुमानं काढतात, पाचवी पायरी नीट झाली असेल तर आठवड्यात जमतात. होलोग्राफीकडे मी एमएस्सीच्या मुलांना पाठवत नाही.

त्या मुलीने शेवटी प्रश्न निवडला: पायॉन मोठा की केऑन? पायॉनचा ०.६२ चा हिशेब तिने माझ्यासमोर केला. केऑनसाठी मी फक्त इतकंच सांगितलं की फोटॉन रो, ओमेगा (दुसऱ्या पायरीवरचा बॅरिऑन नव्हे, त्याच नावाचा मेसॉन) आणि फाय असे तीन वेश घेतो, त्यांचे वाटे क्वार्कांच्या भारांवरून तूच ठरव. दोन दिवसांनी बसमधून तिचा फोन. वाटे अर्धा, एक षष्ठांश आणि एक तृतीयांश, त्रिज्या ०.५८. "सर, मोजलेली ०.५६ आहे. स्ट्रेंज जड आहे म्हणून आत ओढला गेलाय काय?" मी म्हटलं, हे वाक्य असंच प्रश्नचिन्हासकट लिही, आणि आता लॅटिसवाल्यांचे केऑनचे आलेख काढून बस.